मँचेस्टरला पिझ्झा, बर्नलीला धोटा

आमच्या इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणतात, हे भूगोलाच्या बाईंपासून स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांनी आम्हाला ऐकवून झालंय. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला, आता गावात लाखावर माग आहेत. त्यातले सोळा आमचे, खर्चीवर चालतात, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि आम्हाला विणायची मजुरी. त्यामुळे लीड्सला लेकीकडं गेलो असताना ‘चार दिवस कुठं जायचं’ असा विषय निघाला, तेव्हा ह्यांनी लंडनचं नावसुद्धा काढू दिलं नाही.

“मँचेस्टर,” हे म्हणाले.

“अहो बाबा, तिथं आता माग कुठले? गिरण्यांत फ्लॅट झालेत, बार झालेत.”

“मग बार बघूया. ओरिजिनल कसं दिसतंय ते तरी कळंल.”

जावयांना सुट्टी नव्हती. आम्ही तिघं निघालो. सप्टेंबरचा शेवट होता. लीड्सहून मँचेस्टर पिकॅडिलीला आगगाडीनं तासाभराचा रस्ता. साठीच्या पुढच्यांनी सीनियर रेलकार्ड आधीच काढून ठेवावं, बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते.

गुरुवार: गोदामात बिऱ्हाड

लेकीनं राहायची सोय डुसी स्ट्रीट वेअरहाउसमध्ये केली होती. स्टेशनातून पाच मिनिटं चाललं की आलंच. 1867 साली रेल्वे कंपनीनं माल ठेवायला बांधलेलं हे अवाढव्य गोदाम. मागच्या अंगाला कालव्याचा धक्का, म्हणजे होडीतून आलेला माल इथून गाडीत चढायचा. आता वरच्या मजल्यांवर ‘नेटिव्ह’ नावाचं अपार्टमेंट-हॉटेल आहे. खाली बार, खाणं आणि एक छोटंसं सिनेमागृहही. तळमजल्यावर लॅपटॉप उघडून बसलेली पोरं दिसली. त्यांच्यामधून बॅगा ओढत आम्ही वर गेलो.

आमच्या खोलीत पलंग आणि ओटा यांच्या मधे बिडाचा जाडजूड खांब उभा होता. ह्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधी त्या खांबावर बोटाची पेरं वाजवून बघितली, मग वर बघितलं, मग खाली. “मालाच्या गाठी किती रचत असतील गं वर?” पंख्याची, पडद्याची, न्हाणीघराची चौकशी माझ्याकडं; खांबाची ह्यांच्याकडं. खोलीत शेगडी, भांडी, फ्रिज सगळं होतं. रात्री जेवायला बाहेर जायचा कंटाळा आला की मुगाची खिचडी टाकता येते, हा या प्रकारच्या हॉटेलांचा मोठा फायदा. एक लक्षात ठेवायचं: फुटबॉलची मोठी मॅच असली की गावातल्या खोल्यांचे दर भडकतात. तारखा ठरवण्याआधी मॅचचं वेळापत्रक बघावं.

दुपारी चालत अँकोट्सला गेलो, दहा-बारा मिनिटांत. जगातलं पहिलं औद्योगिक उपनगर म्हणून या भागाचं नाव घेतात. रेडहिल स्ट्रीटवर रॉचडेल कालव्याच्या काठानं लाल विटांच्या गिरण्या एकीला लागून एक उभ्या आहेत. त्यातली मरे बंधूंची गिरणी 1798 मधली. अॅडम आणि जॉर्ज मरे हे दोघे भाऊ स्कॉटलंडहून इथं आले आणि वाफेवर चालणारी सूतगिरणी काढली. चौकाच्या चारी बाजूंनी इमारती, मधे स्वतःचा छोटा धक्का आणि कालव्यापासून तिथपर्यंत रस्त्याखालून बोगदा, म्हणजे होडी थेट गिरणीच्या पोटात यायची. आता त्या चौकात झाडं आणि बाकडी आहेत, खिडक्यांत कुंड्या. शेजारच्या रॉयल मिलच्या तळमजल्यावर धंदे, वर फ्लॅट.

ह्यांना मात्र एक गोष्ट खटकत राहिली. “एवढ्या गिरण्या आणि आवाज नाही.” खरंच, बदकांचा आवाज ऐकू येत होता. आमच्या गल्लीत रात्री दोनला वीज गेली आणि माग थांबले की लहान पोरं दचकून उठतात.

कालव्याच्या कठड्याला टेकून एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला उसंत देत उभे होते. लेकीनं ओळख करून दिली: हे आईबाबा, महाराष्ट्राच्या मँचेस्टरहून आलेत. ते एवढे हसले की कुत्रं भुंकायला लागलं. त्यांची आई इथल्याच एका गिरणीत रिंगवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, होती. ते स्वतः तरुण असताना इकडं कुणी फिरकत नसे. छपरं गेलेली, आत कबुतरं, खिडक्यांना पत्रे ठोकलेले. “आता माझ्या मुलीला इथं खोली भाड्यानं परवडत नाही,” असं म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही. त्यांनीच आम्हाला भिंतीतली पितळी भिंगं दाखवली. या भागात बांधकामं चालू असताना एका कलाकारानं जुन्या भिंतींत अशी छोटी छिद्रं करून ठेवलीत, ‘पीप्स’ म्हणतात. डोळा लावला की आतली एखादी बंद पडलेली जागा दिसते. एका भिंगातला दिवा गेला होता, त्यात मला माझीच पापणी दिसली. दुसऱ्यात मात्र काही तरी गंजलेलं, चाकासारखं होतं. पाटी कुठंच नाही, शोधत फिरायचं. पोरांना घेऊन जाणाऱ्यांसाठी उत्तम खेळ.

कटिंग रूम स्क्वेअर नावाच्या चौकात संध्याकाळी ही गर्दी. समोरचं सेंट पीटर्स चर्च आता हॅले ऑर्केस्ट्राच्या तालमीची जागा आहे. कडेनं खायची-प्यायची दुकानं. आम्ही रूडीज्‌मध्ये पिझ्झा खाल्ला. 2015 साली हे दुकान इथंच सुरू झालं, आता त्यांच्या बऱ्याच शाखा आहेत. अँकोट्सला पिझ्झा हा उपटसुंभ प्रकार नाही. एकोणिसाव्या शतकात इथं इटालियन लोकांची मोठी वस्ती होती, गिरणीच्या पोरांना आइस्क्रीम विकणारी मंडळी त्यांच्यातलीच. पिझ्झा मऊ, कडा फुगून ठिकठिकाणी काळ्या पडलेल्या, मधे टोमॅटोचा पातळसर रस. ह्यांनी काटा-सुरी बाजूला सारली आणि घडी घालून खाल्ला. शेजारच्या टेबलावरचा पोरगाही तसाच खात होता, त्यामुळं लेकीला काही बोलता आलं नाही.

शुक्रवार: राइस अँड थ्री, आणि लटकतं नाटकघर

सकाळी पाऊस. छत्री काढू नका, वाऱ्यानं उलटते. टोपीचं जाकीट घाला. रस्त्यातले खांब, कचऱ्याचे डबे, पिवळ्या बसा, सगळ्यांवर मधमाशीचं चित्र. राबणारी माशी हे या गावाचं चिन्ह आहे.

सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमला प्रवेश फुकट. जागा लिव्हरपूल रोड स्टेशनची. 15 सप्टेंबर 1830 ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तिचं हे टोक. जगातलं सगळ्यात जुनं टिकून राहिलेलं प्रवासी स्टेशन. उद्घाटनाच्याच दिवशी हस्किसन नावाचे खासदार ‘रॉकेट’ इंजिनाखाली सापडून गेले. कापडाच्या दालनात कापूस पिंजण्यापासून विणण्यापर्यंतची यंत्रं मांडलीत आणि ठरलेल्या वेळी चालवून दाखवतात. वेळ दारातच विचारून घ्या, नाहीतर नुसतं लोखंड बघून परत याल. अमेरिकेतून येणारा कापूस गुलामांच्या हातून वेचलेला होता, हेही तिथं आडपडदा न ठेवता सांगितलंय.

माग सुरू झाला. भोवतीच्या शाळकरी पोरांनी कानांवर हात ठेवले. मिनिटभरात बंद.

“झालं?” हे म्हणाले. “एका मागाचा आवाज म्हणजे काय आवाज हाय व्हय?”

तिथून ब्रेझनोज स्ट्रीटजवळच्या चौकात अब्राहम लिंकनचा पुतळा बघायला गेलो. मँचेस्टरात लिंकन कशाला, असं कुणालाही वाटेल. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस अडला, मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशर परगण्यातल्या गिरण्या बसल्या आणि कामगारांवर उपासमारीची पाळी आली. तरीही 1862 च्या अखेरीला इथल्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लिंकनच्या बाजूनं ठराव केला. जानेवारी 1863 मध्ये त्यानं आभाराचं पत्र पाठवलं, त्यातला मजकूर चौथऱ्यावर कोरलाय. आम्ही तिघांनी पावसात उभं राहून तो वाचला. याच वर्षांत आपल्याकडं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईचे व्यापारी शेअरांच्या मागं वेडे झाले होते, आणि 1865 ला युद्ध संपताच सगळे आपटले. इथली चूल विझली म्हणून तिकडं दिवाळी. पुतळ्याच्या पाटीवर मुंबईचा उल्लेख नाही. असायचं कारणही नाही, पण मला तो तिथं हवा होता.

जेवायला सोप स्ट्रीट. नॉर्दर्न क्वार्टरमधल्या एका मागल्या बोळात, कचऱ्याच्या पिंपांच्या शेजारी ‘धिस अँड दॅट’ नावाची खानावळ आहे. 1984 पासूनची. आजूबाजूला कपड्यांची गोदामं आणि शिवणाचे कारखाने होते, तिथल्या कामगारांना दुपारी झटपट पोटभर काही तरी हवं म्हणून असल्या खानावळी निघाल्या आणि ‘राइस अँड थ्री’ हा प्रकार इथलाच होऊन गेला: ताटभर भात, त्यावर तीन कालवणं, बस. भांड्यांमागच्या माणसानं डाव उचलला आणि नुसत्या भुवईनं विचारलं. मी हरभरा, पालक-बटाटा आणि डाळ घेतली. ह्यांनी तिन्ही मटण-चिकनचीच. तिन्ही रस्से भातात एकमेकांत मिसळतात. लेकीला ते आवडत नाही, तिनं बांध घालून खाल्लं. जिऱ्याचा वास छान, तिखट आमच्या हिशोबानं लहान मुलांचं. ह्यांनी मिरच्या मागितल्या. मालकानं एक वाटी आणून ठेवली आणि बाजूला उभा राहिला. पाचवी मिरची संपल्यावर हसत आत गेला. आमच्या टेबलावर एक बांधकाम मजूर, एक टाय लावलेला बाप्या आणि कानात बारा बाळ्या घातलेली विद्यार्थिनी होती. सगळ्या गावात मला इथं सगळ्यात घरच्यासारखं वाटलं. अँकोट्सच्या चकचकीत दुकानांत जा, पण एक दुपार या बोळाला द्याच.

न पिणाऱ्यांसाठी एक माहिती: व्हिम्टो हे द्राक्ष-रासबेरीचं सरबत 1908 साली याच गावात निघालं. मी तेच पीत होते.

संध्याकाळी नाटक. रॉयल एक्स्चेंज म्हणजे एके काळचा कापसाचा बाजार. दालन इतकं प्रचंड की मान मागं टाकून छत बघावं लागतं. हजारो व्यापारी एका वेळी इथं उभे राहून सौदे करायचे. 1968 ला बाजार कायमचा बंद झाला आणि शेवटच्या दिवसाचे भाव वरच्या फलकावर तसेच ठेवलेत. ह्यांनी चष्मा पुसून भाव वाचले आणि आमच्या दिवाणजींना दाखवायला फोटो काढला. 1976 पासून या दालनाच्या मधोमध नाटकघर आहे. जुन्या जमिनीला एवढा भार पेलवणार नाही म्हणून पोलाद-काचेचा सगळा सांगाडा चार मोठ्या दगडी खांबांना टांगलाय. 1996 मध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा बॉम्ब जवळच फुटला, तेव्हा इमारतीचं बरंच नुकसान झालं. दोन वर्षांनी पुन्हा पडदा उघडला. अर्थात, पडदा इथं नाहीच. प्रेक्षक चारी बाजूंनी, नट मधे. कुणाची ना कुणाची पाठ आपल्याकडं असतेच, आणि तरी वाक्य न् वाक्य ऐकू येतं. घोरपडे नाट्यगृहात शेवटच्या रांगेतून नाटकं बघितलेल्या मला पहिल्यांदाच नटाच्या मनगटावरची शीर दिसली. इंग्रजी उच्चार निम्मे कळले. ह्यांना कमी कळले, पण मध्यंतरात त्यांनी मला गोष्ट सांगितली ती बरोबर होती.

नाटक बघायचं नसलं तरी दिवसा दालनात फुकट जाता येतं. पाच मिनिटांत होण्यासारखं नाही, निवांत जा.

शनिवार: बर्नली

हा दिवस लेकीच्या बेतात नव्हता. ह्यांचं एकच चाललं होतं, माग चालताना बघायचे. मग कळलं की मँचेस्टर गाव मुळात सुताचं आणि व्यापाराचं. विणकाम उत्तरेकडच्या गावांत चालायचं. पहिल्या महायुद्धाच्या आधी एकट्या बर्नलीत लाखाच्या आसपास माग होते. म्हणजे इचलकरंजीला खरं तर महाराष्ट्राची बर्नली म्हणायला हवं, पण ते भाषणात शोभत नाही.

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून बर्नली मँचेस्टर रोडला थेट गाडी आहे, तासभर लागतो. टॉडमॉर्डनच्या पुढं डोंगर जवळ येतात, मेंढ्या, दगडी भिंती, मधेच एकटं धुराडं. पाऊस होताच. इथल्या दमट हवेचं कौतुक मी पुस्तकात वाचलं होतं, ह्यांना ते वाचायची गरज नव्हती. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं हवा कोरडी झाली की तार पटापट तुटतात, शेडमध्ये पाणी मारावं लागतं. “हितं देवच पाणी मारतोय,” असं म्हणून हे गप्प बसले.

स्टेशनवरून बसनं हार्ल साइकला. तिथं क्वीन स्ट्रीट मिल. 1894 साली विणकरांनीच भाग घेऊन काढलेली सहकारी गिरणी. वाफेवर चालणारी, मागांसकट टिकलेली अशी ही शेवटची. इंजिनाचं नाव ‘पीस’. आम्ही गेलो तेव्हा ते थंड होतं, पण पितळ चकाकत होतं. दारातून आत पाऊल टाकलं आणि ह्यांनी माझा हात धरला, लग्नानंतर बाजारात गर्दीत धरायचे तसा. करवती छपराखाली तीनशे माग. ओळीनं, एकमेकांना खेटून, वर दांड्याचे पट्टे. तोच तेलाचा आणि सुताच्या कोंड्याचा वास.

ठरल्या वेळी एका ओळीतले थोडे माग चालू केले. खट्‌-खटाक्‌, खट्‌-खटाक्‌, पायाखालची फरशी थरथरायला लागली. लेक कानांत बोटं घालून दारापाशी गेली. आम्ही दोघं मधे उभे. चालवणारी बाई साठीची असेल, पांढरे केस, खिशात कात्री. एका मागावर तार तुटली, तिनं माग थांबवला आणि वाकली. ह्यांचा हात आपोआप पुढं गेला, मग मागं घेतला. तिनं ते बघितलं. लेकीकडून दोन वाक्यं ऐकली आणि तुटलेली टोकं ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी दोन्ही अंगठ्यांत धरून, जिभेला लावून, गाठ मारली. किती वेळ लागला म्हणाल तर बघणाऱ्यांना कळलंच नाही. मग मागाच्या वहीतून (उभे दोरे उचलणाऱ्या चौकटीतून), फणीतून तार ओढून घेतली आणि बाजूला झाले. तिनं माग सुरू केला. कापड पुढं सरकलं. ती ह्यांच्याकडं बघून काही तरी बोलली, आवाजात काही ऐकू आलं नाही, फक्त ओठ हलले. हे म्हणाले, “व्हय.”

तिनं नंतर सांगितलं की त्या गोंगाटात सगळे ओठ वाचूनच बोलत, दहा माग पलीकडच्या मैत्रिणीशी गावभरच्या गप्पा चालायच्या. माझी आई एका कारखान्यात कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या छोट्या रिळी, भरायची. तीही घरी जेवताना मोठ्यानं, तोंड उघडून एकेक शब्द बोलायची. आम्हाला शाळेत त्याची लाज वाटायची.

आणखी एक गोष्ट मला तिथं भिडली. इथं माग बायका चालवायच्या. एकेक बाई चार-चार, काही सहा. विणकामाला नगावर मजुरी, ती बाई असो की बाप्या, सारखीच. आमच्याकडं मागावर पुरुष, कांडीवर बायका, आणि कांडीची मजुरी काय असते ते विचारू नये. शेजारच्या नेल्सन गावातली सेलिना कूपर दहाव्या वर्षी गिरणीत लागलेली. 1901 मध्ये लँकेशरच्या गिरणीतल्या बायकांनी मताधिकारासाठी जवळपास 30 हजार सह्यांचा अर्ज पार्लमेंटकडं नेला, त्यात ती होती. हे सगळं मला आईला सांगायचं होतं, पण ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. धोट्याच्या, म्हणजे मागात आडवा दोरा नेणाऱ्या लाकडी नळ्याच्या, डोळ्यातून दोरा तोंडानं ओढायची पद्धत इथंही होती आणि ती रोगट म्हणून 1952 ला बंद केली, हे ऐकून ह्यांनी आपल्या वडिलांचे पुढचे किडलेले दात आठवून सांगितले.

दारात इतिहासाची पाटी. गिरणी बंद पडली 1982 साली. मुंबईत दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तो त्याच वर्षी, 18 जानेवारीला. माझा थोरला मामा लालबागला चाळीत राहायचा; वर्षभर वाट बघून तो ट्रंक घेऊन आमच्याकडं आला आणि यंत्रमागावर लागला. असे कितीतरी आले. मुंबईतलं काम भिवंडीला, मालेगावला, आमच्याकडं सरकलं. आमच्या सोळा मागांतले पहिले चार त्याच सुमाराचे.

माहिती: हे संग्रहालय ऋतूप्रमाणे आणि ठरावीक वारीच उघडं असतं. वेबसाइट बघूनच निघा, आणि माग कधी चालवतात तेही विचारून घ्या. आत गारठा असतो, स्वेटर घाला.

बर्नलीत बटर पाय खाल्ला: बटाटा, कांदा, लोणी, वर खुसखुशीत कवच. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या कॅथलिक लोकांची ही सोय, मला आयती मिळाली. आणि एक नवल. फ्रान्सची बेनेडिक्टीन नावाची महागडी मद्यार्काची बाटली या कामगारांच्या गावात गरम पाण्यातून पितात. पहिल्या महायुद्धात इथली पोरं फ्रान्समध्ये होती, तिथून ही सवय घेऊन आली. गावातला खाणकामगारांचा क्लब आजही तिचा जगातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणवतो. हे भिजले होते, थंडी वाजत होती, वगैरे वगैरे. एक पेला झाला. “काढ्यासारखं हाय,” असा शेरा मारून दुसरा मागवला.

रविवार: कालवे, पूल आणि एंगल्स

ऊन पडलं. ट्रामला कार्ड टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं, विसरलात तर जास्त पैसे कापतात.

कॅसलफील्डमध्ये ब्रिजवॉटर कालवा संपतो. एका ड्यूकनं आपल्या खाणीतला कोळसा आणायला तो खोदून घेतला, 1761 मध्ये तो सुरू झाला आणि गावातला कोळसा स्वस्त झाला. पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आता गोदामांत बार, होड्यांत राहणारे लोक, डोक्यावर एकावर एक रेल्वेचे पूल. 1982 मध्येच, पुन्हा तेच साल, हा भाग देशातलं पहिलं शहरी वारसा उद्यान म्हणून जाहीर झाला. 1892 च्या एका बंद पडलेल्या लोखंडी पुलावर नॅशनल ट्रस्टनं बाग केलीय. जुने रिव्हेट आणि मधे लॅव्हेंडर. छान आहे, पण अर्ध्या तासात संपते.

तिथून थोड्या अंतरावर ‘होम’ नावाच्या कलाकेंद्रासमोर फ्रेडरिक एंगल्सचा, म्हणजे कार्ल मार्क्सच्या साथीदाराचा, पुतळा उभा आहे. त्याच्या वडिलांची इथं गिरणीत भागीदारी होती, पोरगा धंदा शिकायला आला आणि कामगारांच्या वस्त्या बघून भलतंच शिकला. पुतळा युक्रेनमधल्या एका खेड्यात मोडून पडला होता, तो 2017 मध्ये ट्रकनं आणून बसवला. पायथ्याशी कॉफीची टेबलं. लाल बावट्याचे मोर्चे आमच्या दारावरून गेलेत, आणि मजुरीवाढीच्या वेळी ह्यांनी दारं लावूनही घेतलीत. एंगल्ससोबत फोटो काढा म्हटलं तर हे आधी नको म्हणाले, मग भांग पाडला.

दुपारी मॅकी मेयर. 1858 ची मंडईची इमारत, 2017 पासून पुन्हा उघडली. मधे लांबच लांब लाकडी टेबलं, कडेनं वेगवेगळ्या खाण्याचे ओटे, वर लोखंडी खांबांची गॅलरी. रविवारी बारानंतर जागा मिळत नाही, अकराला गाठा. ऑर्डर दिल्यावर टेबलाचा नंबर सांगायचा, आधी टेबल धरायचं.

लेक खांबांकडं बघत म्हणाली, “बाबा, आपली शेडसुद्धा अशी करता येईल की. करवती छप्पर आहे, विटा आहेत.”

“कर की,” हे म्हणाले. “आणि पोरं जातील कुठं? तुझ्या कॅफेत कपबशा विसळायला?”

“बाबा, मी गंमत करत होते.”

“मी नाही.”

मग कुणी तरी केक आणला.

मँचेस्टर-बर्नली करणाऱ्यांना मी एवढंच सुचवीन की क्रम उलटा ठेवा. पहिल्या दिवशी बर्नली, मग अँकोट्स. आम्ही आधी रिकाम्या गिरण्यांत पिझ्झा खाल्ला आणि नंतर त्या काय होत्या ते ऐकलं. उलटं केलं असतं तर मरे बंधूंच्या चौकात जास्त वेळ थांबलो असतो. आणखी एक दिवस हाताशी असेल तर विमानतळाजवळच्या स्टायलची क्वॉरी बँक मिल बघा, 1784 ची, तिथं कामाला आणलेल्या अनाथ पोरांना ठेवायचं घरही जपलंय. आमचं ते राहिलं. बर्नलीचं वार आधी बघून मगच हॉटेल ठरवा, आणि शनिवारी मॅच असेल तर पुढचा आठवडा धरा.